आधी गोंगाट उतरवा, मग सिस्टीम बसवा

पावसाळ्यातल्या एखाद्या शनिवारी सकाळी पनवेलच्या पळस्पे फाट्यावर पाच मिनिटे उभे राहावे. मुंबईकडून येणारी वाहतूक इथे फुटते. एक धार जुन्या रस्त्याने खोपोली-पुण्याकडे जाते, दुसरी कर्नाळ्याच्या खिंडीतून पेण, अलिबाग आणि पुढे गोव्याकडे. या गर्दीत थार, जिम्नी, गुरखा अशा उंच, चौकोनी, जाड टायरच्या गाड्या आता सहज दिसतात. त्यातल्या काही डोळ्यांना दिसण्याआधी छातीला जाणवतात. आधी बेसची धडधड येते, मग गाडी येते आणि गाण्याचे शब्द सर्वात शेवटी, तेही ओळखू आले तर.

गाडी घेतल्यावर पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधी 'सिस्टीम' बसवायची, हा आता रिवाजच झाला आहे. कंपनीचे स्पीकर काढायचे, मोठे घालायचे, सीटखाली किंवा मागे अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर बसवायचा. त्यात वाईट काही नाही. स्वतःच्या कमाईच्या गाडीत आवडीचे गाणे चांगले ऐकू यावे, ही साधी आणि रास्त हौस आहे. अडचण आहे ती दुकानात विचारल्या जाणाऱ्या पहिल्या प्रश्नात. ग्राहक विचारतो, 'किती वॅटची बसेल?' खरे तर त्याने विचारायला हवे, 'माझ्या गाडीत आधीच किती गोंगाट आहे?' पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने खिसा रिकामा होतो आणि कानही. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराने गाणे सुधारते.

जीप ही मुळात लष्कराची गाडी. दुसऱ्या महायुद्धात ती चिखल, ओढे आणि दगड तुडवण्यासाठी बनली. युद्धानंतर मुंबईत तिची जुळणी सुरू झाली आणि पुढची कित्येक दशके ती वनखाते, पोलीस, पाटबंधारे आणि गावोगावच्या वडाप वाहतुकीत राबली. तिच्यात बसून कोणी बासरी ऐकेल, असा विचार तिच्या आराखड्यात नव्हता. २०१० मध्ये आलेली थार त्याच घराण्यातली. २०२० मध्ये आलेली नवी थार पुष्कळ शहरी झाली, तिच्यात छताला लावलेले स्पीकरही आले. पण अशा गाड्यांचा सांगाडा, उभी काच, चौकोनी कडा आणि जमिनीपासूनची उंची यांचा मूळ स्वभाव बदललेला नाही. उभ्या काचेवर वारा आदळतो. दारांच्या आणि काढता येणाऱ्या छताच्या फटींतून तो शिट्टी घालतो. चिखलासाठी बनवलेल्या टायरच्या मोठ्या खाचा डांबरावर घुमतात. सपाट, मोठा पत्रा ताशासारखा थरथरतो. साध्या बंद मोटारीत महामार्गाच्या वेगाला साधारण ६५ ते ७५ डेसिबल आवाज असतो. चौकोनी गाडी, त्यावर कापडी छत आणि खाली मोठ्या खाचांचे टायर असतील, तर तो ८० च्या घरात जायला फारसे काही लागत नाही. परदेशात छत उघडणाऱ्या मोटारींची मोजणी झाली आहे. ताशी ९० किलोमीटरच्या आसपास, छत उघडे असताना चालकाच्या कानापाशी ८५ डेसिबलच्या आसपासचा आवाज नोंदला गेला. तोही गाणे न लावता.

आता या गोंगाटावर गाणे चढवायचे आहे. गोंगाटाच्या बरोबरीचे गाणे ऐकू येते, पण त्याची मजा येत नाही. बारकावे कळण्यासाठी गाणे गोंगाटापेक्षा निदान दहा डेसिबल वर असावे लागते. म्हणजे ८० च्या गोंगाटात ९० चे गाणे. हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जातो आणि माणसाला वाटते की आपली सिस्टीम कमी पडते. गोंगाटात बोलताना माणसाचा आवाज नकळत चढतो, हे फ्रेंच कानतज्ज्ञ एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये दाखवले. त्यांचेच नाव त्या परिणामाला मिळाले. गाडीतल्या गाण्याचेही तसेच होते. ऐकणारा बेजबाबदार असतोच असे नाही. बहुतेक वेळा तो फक्त गोंगाटाशी झगडत असतो.

डेसिबलचा हिशेब किराणा मालासारखा चालत नाही, हे इथे समजून घ्यायला हवे. अ‍ॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. दहापट केली की दहा डेसिबलने, आणि तेव्हा कुठे कानाला तो साधारण 'दुप्पट मोठा' वाटतो. म्हणजे २५ वॅटच्या जागी २५० वॅट घातले, तरी ऐकणाऱ्याला मिळते ते दुप्पट. पण इजेचा हिशेब कानाला काय वाटते यावर चालत नाही, कानात किती ऊर्जा शिरली यावर चालतो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेची जगभर वापरली जाणारी मर्यादा अशी आहे: ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास. त्यावर प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला पंधरा मिनिटे. भारतात कारखान्यांसाठीची मर्यादा याहून सैल आहे, आठ तासांना ९० डेसिबल. पण या मर्यादा कामगारांसाठी ठरवल्या आहेत आणि त्यात पाळीनंतर कानाला विश्रांती मिळेल असे गृहीत आहे. जागतिक आरोग्य संघटना हौसेने ऐकण्याबाबत अधिक सावध आहे. तिचा सल्ला आहे, ८० डेसिबल, आठवड्याला चाळीस तास.

या आकड्यांत गाडी बसवून पाहू. गाडीत ८० डेसिबलचा गोंगाट आहे आणि गाणे ९० वर आहे. ९० ला दिवसभराची सुरक्षित मुदत सुमारे अडीच तास. पनवेलहून अलिबागला जाऊन परत येईपर्यंत ती ओलांडली जाते. आता ग्राहकाला गाणे आणखी स्पष्ट हवे आहे, समजा सहा डेसिबलने. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची ताकद चौपट करून गाणे ९६ वर नेणे. गाणे स्पष्ट होईल, पण सुरक्षित मुदत अडीच तासांवरून चाळीस मिनिटांच्या आत येईल. दुसरी वाट म्हणजे गाण्याला हात न लावता गोंगाटच सहा डेसिबलने खाली आणणे. गाणे तितकेच स्पष्ट होईल, कारण कानाला महत्त्व आहे ते दोहोंमधल्या अंतराला. इतकेच नव्हे, पूर्वीइतक्याच स्पष्टतेवर तो समाधानी असेल, तर गाणे ९० वरून ८४ वर आणता येईल आणि मुदत अडीच तासांवरून दहा तासांच्या आसपास जाईल. एका वाटेने वॅट चौपट आणि वेळ पाव. दुसऱ्या वाटेने वॅट तेवढेच आणि वेळ चौपट. दुकानातल्या काचेच्या कपाटात मात्र पहिली वाटच मांडून ठेवलेली असते.

कानात नेमके काय बिघडते? आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा, सुमारे अडीच वेटोळ्यांचा एक नाजूक अवयव असतो. त्यात रोमपेशी असतात, प्रत्येक कानात जेमतेम पंधरा-सोळा हजार. त्यातल्या साडेतीन हजारांच्या आसपास पेशी मेंदूला प्रत्यक्ष बातमी पोहोचवतात. बाकीच्या बारीक आवाज मोठे करून, निवडून देतात. डोळ्याच्या पडद्यावर कोट्यवधी प्रकाशग्राही पेशी आहेत. कानाची पुंजी त्यापुढे किती तुटपुंजी आहे, हे एवढ्यावरून लक्षात यावे. मोठ्या आवाजाने रोमपेशींच्या टोकावरचे केस वाकतात. थोड्या विश्रांतीने ते सावरतात. गाडीतून उतरल्यावर कानात दडे बसल्यासारखे वाटते, गुंई असा आवाज येतो आणि सकाळपर्यंत तो जातो. तो याच सावरण्याचा काळ. सकाळी बरे वाटले म्हणून माणूस विसरतो. पण वारंवार असे झाले की काही पेशी सावरत नाहीत, मरतात. गेल्या दीड दशकातल्या संशोधनाने आणखी एक काळजीची गोष्ट दाखवली आहे. २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगात असे दिसले की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही रोमपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले सांधे कायमचे तुटलेले असतात. माणसातही असे होत असावे, असा दाट संशय आहे. तपासणीचा आलेख सरळ येतो, तरी गर्दीत बोलणे कळत नाही, अशी तक्रार करणारे रुग्ण असतात. त्यांच्या तक्रारीचे एक कारण हे असू शकते.

पळस्प्याहून पेणकडे निघाले की वाटेत कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य लागते. महामार्ग त्याच्या पोटातूनच जातो. तिथल्या पक्ष्यांना निसर्गाने एक देणगी दिली आहे, ती माणसाला दिलेली नाही. १९८८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दोन शोधनिबंध एकाच वेळी आले. एक कोंबडीच्या पिलांवर होता, दुसरा लाव्यांवर. मोठ्या आवाजाने मेलेल्या रोमपेशींच्या जागी पक्ष्यांमध्ये नव्या पेशी उगवतात, असे त्यात दिसले. तेव्हापासून माणसाच्या कानात हे घडवून आणण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. अजून हाती पडेल असे औषध नाही. खिंडीतून धडधडत जाणाऱ्या जीपने झाडावरच्या पक्ष्याची शांतता मोडते, हे आहेच. पण इजा झालीच, तर पक्ष्याचा कान भरून येईल. चालकाचा येणार नाही.

हे नुकसान कळत नाही याचेही कारण आहे. आवाजाने होणारे बहिरेपण सगळ्या सुरांवर एकदम येत नाही. ते आधी तीन ते सहा हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, बहुधा चार हजारांपाशी खड्डा पाडते. बेस, ढोल, इंजिन, माणसाच्या आवाजाचा घोष हे सगळे त्याच्या खाली असते. त्यामुळे माणसाला 'ऐकू येते'. मात्र स, श, ट, फ अशी व्यंजने निसटू लागतात. स्वर ऐकू येतात, शब्द कळत नाहीत. घरचे म्हणतात, 'याचे लक्ष नसते'. फोनवर 'काय? काय?' वाढते. नाट्यगृहात पुढची रांग हवीशी वाटते. गमतीची आणि दुःखाची गोष्ट अशी की महागडी सिस्टीम ज्या बारकाव्यांसाठी घेतलेली असते, म्हणजे तबल्याची चाट, सतारीची झार, गाणाऱ्याचा श्वास, तेच आधी जातात. मग माणूस ट्रेबल वाढवतो. पाच वर्षांनी त्याला आणखी चांगली सिस्टीम हवी असते. खरे तर त्याला पाच वर्षांपूर्वीचे कान हवे असतात.

कानाचे नुकसान वर्षांनी होते, रस्त्यावरचे क्षणात. रुग्णवाहिकेच्या भोंग्याचा ढोबळ हिशेब करू. तीन मीटरवर तो ११० डेसिबल धरला, तर अंतर दुप्पट होताना दर वेळी सहा डेसिबल कमी होत अठ्ठेचाळीस मीटरवर तो ८६ वर येतो. बंद काचा आणि पत्रा आणखी पंचवीसेक डेसिबल खातात. चालकाच्या कानापाशी उरतात साठच्या आसपास. शांत केबिनमध्ये ते सहज ओळखू येतात. गोंगाटाच्या केबिनमध्ये जेमतेम. ९५ डेसिबलच्या गाण्यात मागमूसही लागत नाही. त्यातही बेस विशेष घातक आहे, कारण जाड, खालचे सूर वरच्या बारीक सुरांना झाकून टाकतात. बारीक सूर जाडांना तितके झाकू शकत नाहीत. म्हणजे सबवूफर नेमका भोंगा आणि हॉर्नच गिळतो. पनवेलच्या आसपास द्रुतगती मार्ग, जुना पुणे रस्ता आणि गोवा महामार्ग एकमेकांजवळून जातात. अपघातातली माणसे घेऊन १०८ ची गाडी यापैकी कुठून तरी येत असते. तिला वाट मिळायला अर्धा मिनिट उशीर झाला, तर त्याची किंमत मागच्या स्ट्रेचरवरचा माणूस मोजतो.

खरी ऑफ-रोड वाट असेल तर कानाचे काम आणखी वाढते. चाक जागेवर फिरते आहे का, खालून दगड घासला का, हे आधी कानाला कळते. पुढे उभा राहून 'उजवीकडे घे, थांब' असे ओरडणारा सोबती चालकाला ऐकू यायला हवा. पावसाळ्यात गाढी नदीच्या खोऱ्यातल्या ओढ्यांना वरच्या डोंगरावरच्या सरीने एकाएकी पाणी वाढते. ते दिसण्याआधी त्याचा घोर ऐकू येतो. कच्च्या वाटेला लागल्यावर गाणे पूर्ण बंद, हा नियम गाडीच्या किल्लीइतकाच आवश्यक मानायला हवा.

मग हौशी माणसाने काय करावे? खर्चाचा क्रम उलटा करावा. पहिला सुधार फुकट आहे: वेग. ताशी १०० वरून ८० वर आले की टायर आणि वारा यांचा मिळून आवाज तीन-चार डेसिबलने उतरतो. अ‍ॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट करून जे मिळते, ते पाय थोडा उचलून मिळते, आणि कानाची मुदतही दुप्पट होते. दुसरा सुधार टायर. वर्षातून चार वेळा चिखलात जायचे आणि उरलेले दिवस कळंबोली-पनवेल करायचे असेल, तर दिखाऊ मोठ्या खाचांच्या टायरची गरज नाही. हवेचा दाबही कंपनीने सांगितलेला ठेवावा. तिसरा सुधार दारे आणि फटी. जुने, चपटे झालेले रबरी बीडिंग बदलावे. छताचे आणि दाराचे बोल्ट तपासावेत. दाराच्या आतल्या पत्र्याला थरथर मारणारे डॅम्पिंग शीट लावावे. सगळा पत्रा मढवावा लागत नाही, मोठ्या सपाट भागाच्या मधोमध लावले तरी बराच फरक पडतो. दाराच्या तळाची पाणी जाणारी भोके मात्र बुजवू नयेत, नाहीतर पनवेलच्या एकाच पावसाळ्यात दार आतून गंजेल. असे दार स्पीकरसाठीही चांगली पेटी ठरते. खडखड थांबते आणि जुन्याच स्पीकरमधून भरदार बेस येऊ लागतो.

हे सगळे झाल्यावर सिस्टीम बसवावी, खुशाल बसवावी. चांगला अ‍ॅम्प्लिफायर आणि चांगले स्पीकर कमी आवाजातही गाणे भरीव ऐकवतात, ही त्यांची खरी किंमत. पण एक धोका लक्षात ठेवावा. साधी सिस्टीम फार चढवली की आवाज फाटतो आणि माणूस तो कमी करतो. तो फाटलेला आवाज म्हणजे एक प्रकारचा पहारेकरी असतो. ताकदवान सिस्टीम फाटत नाही, त्यामुळे किती चढवले हे कळतच नाही. पहारेकरी काढला, तर त्याच्या जागी दुसरा नेमला पाहिजे. बऱ्याच म्युझिक सिस्टीममध्ये कमाल आवाजाची मर्यादा ठरवण्याची सोय असते. सिस्टीम बसवल्या दिवशीच, काचा बंद करून, चालकाच्या कानापाशी मोजून ती मर्यादा घालून घ्यावी. मोबाइलवरील ध्वनिमापक अ‍ॅप अगदी अचूक नसते, पण ८० आणि ९५ यांतला फरक ते नक्की सांगते. छत उघडल्यावर बेस विरून जातो, कारण बंद केबिन त्याला जो आधार देते तो निघून जातो. तेव्हा आवाज चढवण्याचा मोह सर्वात जास्त होतो आणि वाऱ्याचा गोंगाटही तेव्हाच सर्वात जास्त असतो. उघड्या छताची मजा पावसाच्या, झाडांच्या आवाजाची असू द्यावी.

मुलांचा विचार वेगळा करायला हवा. चालक पुढे बसतो आणि आवाज स्वतःच्या कानाने ठरवतो. सबवूफर आणि मागचे किंवा छतावरचे स्पीकर मागच्या सीटवरच्या मुलाला अधिक जवळ असतात. अंतर निम्मे झाले की आवाज बराच वाढतो. मूल तक्रार करत नाही, उलट टाळ्या वाजवते. ते कानावर हात ठेवेल, रडेल किंवा एवढ्या धडधडीत अचानक झोपी जाईल. यातल्या कशाचाही अर्थ 'त्याला आवडते' असा काढू नये. आवाजाचा समतोल पुढच्या स्पीकरकडे ठेवावा आणि एकदा गाडी थांबवून मागच्या सीटवर बसून स्वतः ऐकावे.

कानापलीकडच्या दोन गोष्टीही सांगायला हव्यात, कारण त्यांचे रुग्ण अपघात विभागात येतात. मागे नुसती ठेवलेली सबवूफरची पेटी पंधरा किलोची असेल आणि ताशी ५० च्या वेगाने जाणारी गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर ती पेटी सुमारे तीनशे किलोच्या जोराने पुढे येते. ती चौकटीला बोल्टने आवळलेली हवी. आणि बॅटरीपासून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या जाड तारेला बॅटरीजवळच फ्यूज हवा. मध्ये कुठे तार घासून पत्र्याला लागली, तर फ्यूजशिवाय ती पेटते. एअरबॅग असलेल्या खांबावर ट्वीटर चिकटवू नये, आणि दारात हात घालण्याआधी अपघात ओळखणारा संवेदक तिथे आहे का, हे पाहावे. काही गाड्यांमध्ये तो दारातच असतो.

आता कायद्याकडे. मिरवणुकीतल्या डीजेवर दरवर्षी चर्चा होते, मोजणी होते, गुन्हे दाखल होतात. सायलेन्सर बदललेल्या मोटारसायकलीही अधूनमधून पकडल्या जातात. चाकांवरचा खासगी डीजे मात्र सुटतो, कारण तो मोजेपर्यंत पुढच्या चौकात गेलेला असतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे; रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात स्पष्ट केले आहे की बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला जबरदस्तीने ऐकवण्याचा अधिकार येत नाही. मोटार वाहन कायद्यातही आवाजाच्या मानकांचा भंग करणारी गाडी रस्त्यावर चालवण्याला शिक्षा आहे. नियम पुरेसे आहेत. उणीव आहे ती साध्या कसोटीची, आणि ती कसोटी अशी असावी: काचा बंद असताना बाजूच्या गाडीतल्या माणसाला गाणे ओळखू येत असेल, तर ते जास्त आहे. यासाठी पोलिसाला यंत्र लागत नाही आणि चालकाला वकील लागत नाही.

खरी सुरुवात मात्र दुकानातून व्हायला हवी. चष्म्याच्या दुकानात आधी डोळे तपासतात, मग काच देतात. सिस्टीम बसवणाऱ्यानेही आधी गाडी महामार्गावर नेऊन गोंगाट मोजावा, तो आकडा ग्राहकाच्या बिलावर लिहावा आणि काम झाल्यावर पुन्हा मोजावा. 'तुमच्या गाडीतला गोंगाट पाच डेसिबलने उतरवून दिला' असे सांगणाऱ्या कारागिराला 'हजार वॅट घालून दिले' म्हणणाऱ्यापेक्षा अधिक पैसे मिळायला हवेत. त्याचे काम अधिक कष्टाचे आहे आणि अधिक उपयोगाचेही.

तोवर घरच्या घरी करता येईल अशी एक परीक्षा. संध्याकाळी घरी आल्यावर आवाजाचे बटण न हलवता गाडी बंद करावी. दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या कानाने, गाडी उभी असतानाच तेच गाणे लावावे. दचकायला झाले, तर काल संध्याकाळी कान थकलेले होते आणि गोंगाट जास्त होता. कानात गुंजारव दुसऱ्या दिवशीही राहिला, फोनवर शब्द निसटू लागले, तर श्रवण तपासणी करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर ती तातडीची गोष्ट आहे. थांबून न पाहता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा, कारण उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर उपयोग होण्याची शक्यता जास्त.

जीपची सिस्टीम पाच वर्षांनी जुनी होते, दहा वर्षांनी गाडीही जुनी होते आणि दोन्ही बदलता येतात. रोमपेशींचा एकच संच असतो. तो कंपनीकडूनच बसवून आलेला असतो आणि त्याचे सुटे भाग कुठल्याही बाजारात मिळत नाहीत, अगदी कळंबोलीतही नाहीत.